काचबिंदू: आहे ती नजर टिकवायची कशी

आमच्या घरात काचबिंदू पहिल्यांदा दिसला तो चहा देताना. आई ट्रे घेऊन पाहुण्यांना कप देत पुढे सरकली आणि डाव्या हाताला बसलेल्या काकूंना तिनं चक्क वगळलं. "अगं, मी पण आलेय हो," काकू म्हणाल्या. सगळे हसले, आईही हसली. त्यानंतर उंबऱ्याला ठेच लागणं, कपाटाचं उघडं दार कपाळाला बसणं असं काहीबाही होत राहिलं. "वय झालं" म्हणून आम्ही सोडून दिलं. आईनं चष्म्याच्या एका दुकानात नंबर तपासून घेतला, तिथे तक्त्याची सगळ्यात खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली आणि नवी फ्रेम घेऊन घरी आली. आठ महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा डाव्या डोळ्याच्या नजरेचा निम्म्याहून जास्त भाग गेलेला निघाला. मधला तेवढा शाबूत होता, आणि तक्ता वाचायला मधलाच लागतो.

याला सात वर्षं झाली. उरलेली नजर अजून जवळपास तेवढीच आहे. ती राखताना जे शिकलो, जे चुकलं, ते इथे क्रमानं लिहिते. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांसमोर आपण वर्षातून जेमतेम तासभर असतो, बाकीचे दिवस बाटली आपल्याच हातात असते.

आधी हे समजून घ्या

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण नातं फारसं नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दिसू लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते. तिच्यात दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. मेलेला तंतू कुठल्याही औषधानं, ऑपरेशननं, लेझरनं पुन्हा जिवंत होत नाही.

नस वाळण्यामागे बहुतेक वेळा डोळ्यातला दाब असतो. डोळ्याच्या आत एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो (अश्रू वेगळे, ते बाहेरचे) आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून वाहून जातो. मोरीची जाळी तुंबल्यावर जे होतं तेच इथे होतं. पाणी साठतं, दाब वाढतो, मागच्या नसेवर ताण येतो. कुणाची जाळी हळूहळू निकामी होते, याला खुल्या कोनाचा काचबिंदू म्हणतात. कुणाच्या डोळ्यात मुळात कोनच अरुंद असतो आणि बुबुळ पुढे येऊन वाटच बंद करतं. तो बंद कोनाचा.

खुल्या कोनाचा प्रकार दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसरा डोळा भरून काढतो, आणि उरलेलं मेंदू आपल्या अंदाजानं रंगवून टाकतो. म्हणून रुग्णाला काळा डाग वगैरे काही दिसत नाही. तिथे काही नव्हतंच, असं त्याला वाटतं. आईच्या मते काकू त्या खुर्चीवर खरंच नव्हत्या. साधारण तिसरा हिस्सा तंतू गेले तरी नेहमीच्या नजरतपासणीत काही सापडेलच असं नाही. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज आहे, आणि दक्षिण भारतातल्या गावोगावच्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांना त्याचा पत्ताच नव्हता.

पहिली पायरी: कुणी आणि कधी तपासायचं

चाळिशी लागली की वाचायचा चष्मा घ्यायला जावंच लागतं. तीच वेळ साधा. फक्त चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञांकडे जा. काही निघालं नाही तर साठीपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासा. ज्यांच्या आई, वडील, भाऊ किंवा बहिणीला काचबिंदू आहे त्यांनी पस्तिशीपासूनच दरवर्षी जावं. त्यांचा धोका इतरांपेक्षा चार ते नऊ पट सांगितला जातो.

जास्त उणे नंबर असलेल्यांना खुल्या कोनाचा धोका अधिक. दूरचंही प्लस नंबरच्या चष्म्यानं बघणाऱ्यांना, त्यातही पन्नाशीपुढच्या बायकांना, बंद कोनाचा. लहानपणी डोळ्याला विट्टी, चेंडू, फटाका लागलेला असेल तर वीस वर्षांनीही त्या डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. मधुमेह असेल तर डोळ्यामागचा पडदा दरवर्षी तपासायचाच असतो, त्याच फेरीत हेही होतं. दम्याचा पंप, त्वचेची मलमं किंवा संधिवाताच्या गोळ्या यांतून वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर वाट बघूच नये. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिते, कारण आपल्याकडे ते फार होतं.

तान्ह्या बाळांनाही काचबिंदू होतो. बाळाचे डोळे मोठे टपोरे आहेत म्हणून आपण कौतुक करतो. पण त्याबरोबर डोळ्यांतून सारखं पाणी येत असेल, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. नात्यात लग्नं झालेल्या घरांत हा प्रकार जास्त दिसतो.

दुसरी पायरी: तपासणीला गेल्यावर काय काय झालं पाहिजे

"दाब बघितला, नॉर्मल आहे" एवढ्यावर उठून येऊ नका. दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. पण १६ दाबावरही नस वाळणारे लोक असतात आणि २४ दाबावर काहीही न होणारेही. शिवाय दाब दिवसभरात खालीवर होतो, बऱ्याच जणांचा पहाटे-सकाळी जास्त असतो. दुपारी चारला मोजलेला एक आकडा तेवढंच सांगतो.

हवेचा फुस्स झोत मारून मोजतात तो दाब चाळणीपुरता ठीक. शंका असेल तर डोळा बधिर करून, निळ्या उजेडात यंत्राचं टोक बुबुळाला हलकं टेकवून मोजतात, तो जास्त भरवशाचा. त्यासोबत बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची जाडी एकदा मोजून घ्यावी. ती सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. पडदा पातळ असेल तर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. चष्मा घालवण्याचं लेझर ऑपरेशन झालेल्यांचा पडदा पातळ केलेलाच असतो, त्यामुळे त्यांचा "नॉर्मल" दाब फसवू शकतो. हे स्वतःहून सांगायचं. पाच-सहा वर्षांपूर्वी केलेलं ऑपरेशन माणसं विसरून जातात.

मग डॉक्टर डोळ्याला एक आरसेवाली काच लावून कोन उघडा आहे की बंद ते बघतात. दोन मिनिटांचं काम, पण उपचाराची सगळी दिशा यावर ठरते. त्यानंतर बाहुली मोठी करून मागची नस. नसेच्या तोंडाशी वाटीसारखा खोलगटपणा असतो, काचबिंदूत ती वाटी मोठी होत जाते. फाइलवर "०.७" वगैरे लिहितात ते नसेच्या पूर्ण तोंडाच्या मानानं या वाटीचं प्रमाण. बाहुली मोठी केली की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो, तेव्हा गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. गॉगल नसेल तर छत्री.

ओसीटी म्हणजे नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजणारा फोटो. त्यात रुग्णाला काही करायचं नसतं. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा आवाका मोजणाऱ्या चाचणीत, मात्र करायचं असतं आणि माणसं घाबरतात ती तिथेच.

फील्ड टेस्टला आई पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा जवळजवळ रडकुंडीला आली होती. "अर्धे दिवे मला दिसलेच नाहीत गं, मी नापास झाले." एक डोळा झाकून, वाडग्यासारख्या पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकवून, मधल्या दिव्यावर नजर रोखून बसायचं. बाजूला कुठेतरी ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. एका डोळ्याला पाच ते आठ मिनिटं. आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं की यंत्र मुद्दामच दिसेल-न दिसेल इतके मंद ठिपके दाखवतं, तुमची सीमा शोधण्यासाठी. निरोगी माणसालाही जवळपास निम्मे दिसत नाहीत. त्यामुळे ठिपके शोधत नजर फिरवू नका, अंदाजानं बटण दाबू नका, पापण्या नेहमीसारख्या लवू द्या. दमलात तर बटण दाबून धरा, बऱ्याच यंत्रांत चाचणी तेवढी थांबते. वरची पापणी उतरलेली असेल तर चिकटपट्टीनं वर धरायला सांगा, नाहीतर पापणीचीच सावली रिपोर्टात आजार होऊन बसते. झोप झालेली असावी, पोट रिकामं नसावं. पहिली टेस्ट अनेकांची खराबच येते. ती पुन्हा करायला सांगितलं तर डॉक्टर पैसे काढतायत असं लगेच समजू नका.

तिसरी पायरी: फाइल

काचबिंदूत एका रिपोर्टला फारशी किंमत नसते, दोन रिपोर्टांतल्या फरकाला असते. म्हणून पहिल्या दिवसाची फील्ड टेस्ट, ओसीटी आणि उपचार सुरू होण्याआधीचा दाब हे तीन कागद लग्नाच्या दाखल्यासारखे जपा. ओसीटीची छपाई काही वर्षांत फिकी पडते, तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टर किंवा गाव बदललं तरी हे सोबत हवं.

फील्ड रिपोर्टवर एम. डी. असा एक उणे आकडा असतो, नजर सरासरी किती कमी झाली ते सांगणारा. ढोबळ मानानं उणे ६ पर्यंत सुरुवात, उणे ६ ते उणे १२ मध्यम, त्यापुढे गंभीर. आईच्या डाव्या डोळ्याचा पहिल्या वर्षी उणे १४ होता, यंदा उणे १५ आहे. आमच्या घरात परीक्षेच्या गुणांपेक्षा या एका आकड्याकडे जास्त लक्ष असतं.

डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा: कोन खुला आहे की बंद? माझ्यासाठी दाब कितीच्या खाली हवा? नस आणि फील्ड मागच्यापेक्षा बिघडलंय का? दाब किती खाली हवा हे प्रत्येकाचं वेगळं असतं. सुरुवात असेल तर मूळ दाबापेक्षा २० ते ३० टक्के कमी केला तरी भागतं, नस बरीच वाळली असेल तर आणखी खाली न्यावा लागतो. आईला १८ चालत नाही, १३-१४ लागतो. एवढासा फरक कशाला, असं मला वाटायचं. पण स्वीडनमधल्या माल्मो इथे वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात दाब एका मिलिमीटरनं उतरला की आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होताना दिसला. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात, दाब जास्त पण नस चांगली अशा लोकांना पाच वर्षं थेंब दिले. थेंबवाल्यांपैकी ४.४ टक्क्यांना काचबिंदू झाला, न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना.

चौथी पायरी: थेंब

इथे जरा थांबून लिहिते, कारण बहुतेकांची नजर इथेच हातची जाते.

तापाची गोळी घेतली की ताप उतरतो, कळतं. काचबिंदूचे थेंब घातले की काहीही कळत नाही. नजर वाढत नाही, उलट डोळा चुरचुरतो, थोडा लाल होतो, आणि दरमहा केमिस्टचं बिल येतं. काहीच घडत नाही, हाच औषधाचा परिणाम असतो. आईनं दुसऱ्या वर्षी परस्पर थेंब बंद केले. "इतके दिवस घातले, काय फरक पडला?" चार महिन्यांनी दाब २६. तेवढ्यात उणे १४ चं उणे १५ झालं. सात वर्षांत जे काय घसरलं ते त्या चार महिन्यांत.

घालायची पद्धत: हात धुवा. आडवं व्हा किंवा मान पूर्ण मागे टाका. खालची पापणी बोटानं ओढून पन्हळ करा, वर छताकडे बघा आणि पन्हळीत एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. एकच थेंब. डोळ्यात तेवढाही पूर्ण मावत नाही, दुसरा गालावरून पदरात जातो. मग डोळे हलके मिटा, उघडझाप करू नका, आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटानं दोन-तीन मिनिटं दाबून धरा. तिथून नाकात उतरणारी नळी असते. ती दाबली नाही तर औषध घशात आणि तिथून रक्तात जातं. घशाशी कडू लागलं तर समजा कोपरा नीट दाबलेला नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.

हात थरथरत असेल तर बाटली धरलेला हात कपाळाला टेकवा. बाटली फ्रिजच्या दारात ठेवली तर थेंब गार लागतो, डोळ्यात पडला की गालावर ते कळतं. रात्री घालायच्या काही औषधांची न उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवायची असते आणि उघडलेली साधारण २५ अंशांपर्यंत चालते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात घरातही तेवढा गारवा नसतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. उघडल्याची तारीख पेननं बाटलीवर लिहा. महिन्यानंतर उरलेलं टाकून द्यायचं, जीव हळहळला तरी.

बाटल्या सारख्या दिसतात म्हणून एकीला लाल नेलपेंटचा ठिपका, दुसरीला रबरबँड. त्यांच्या शेजारी कानाचे थेंब किंवा झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची छोटी बाटली कधीही ठेवू नका. गोंद डोळ्यात घातलेली माणसं दवाखान्यात येतात, ही थट्टा नाही.

वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधा. मोबाइलचा गजर आई झोपेत बंद करायची. आता दुधाला विरजण लावलं की थेंब, असं ठरलंय. दही लागलेलं दिसलं म्हणजे थेंबही पडला. एखादे दिवशी राहिलाच तर आठवेल तेव्हा घाला, दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. रात्री एकदाच घालायची औषधं जास्त वेळा घातली तर परिणाम उलट कमी होतो. एकादशीला, उपवासाला थेंब चालू ठेवायचे. वारीला किंवा लेकीकडे परदेशी जाताना एक जादा बाटली पिशवीत, विमानातल्या सामानात नव्हे तर हाताशी. तपासणीच्या दिवशी सकाळचा थेंब घालूनच जायचं. आणि फक्त तपासणीच्या आधीचे चार दिवस नेमानं घालून डॉक्टरांकडून शाबासकी घेणारे बरेच असतात. दाब छान येतो, फील्ड मात्र घसरत जातं, आणि डॉक्टर बिचारे कारण शोधत बसतात. चुकले असतील तर तसं सांगून टाका.

त्रास कुठला सांगायचा? टिमोलॉल दमेकऱ्यांना धोक्याचं आहे, नाडी मंद असणाऱ्यांनाही. डोळ्यात एक थेंब, त्यानं दम कसा लागेल, असं वाटतं, पण लागतो. लॅटानोप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट या गटानं डोळे लालसर होतात, पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्यांभोवतीची कातडी काळवंडते. सांडलेलं लगेच पुसलं तर काळवंडणं कमी होतं. ब्रिमोनिडीननं तोंड कोरडं पडतं, सुस्ती येते, काहींना काही महिन्यांनी ॲलर्जी होते. तान्ह्या मुलांना ते द्यायचंच नाही. डॉरझोलामाइडनं तोंड कडू होतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ॲसेटाझोलामाइडच्या गोळ्यांनी हातापायाला मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं. यातलं काही झालं तर औषध बदलून घेता येतं. गट बरेच आहेत. खर्च परवडत नसेल तर तेही स्पष्ट बोला, स्वस्त पर्याय असतात. लाजून बंद करू नका.

लेझर आणि ऑपरेशन

बंद कोनासाठी बुबुळाला लेझरनं बारीक छिद्र पाडतात, पाण्याला दुसरी वाट मिळते. बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतं. खुल्या कोनासाठी जाळीवर करायचं वेगळं लेझर आहे. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात थेंबांऐवजी आधी हे लेझर केलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज पडली नव्हती. म्हणून आता "आधी लेझर चालेल का?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्यासारखा आहे. परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, तपासण्या सुटत नाहीत.

थेंब आणि लेझर पुरे पडेनात तर ऑपरेशन. डोळ्याच्या पांढऱ्या भागात, वरच्या पापणीआड, पाण्याला नवी वाट काढतात किंवा नळी बसवतात. मदुराईत तयार होणाऱ्या नळीमुळे हे काम आपल्याकडे बरंच स्वस्त झालं आहे. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे नजर आधीपेक्षा धूसर असू शकते, आणि "मोतीबिंदूनंतर शेजारच्यांना लगेच दिसलं, मला का नाही?" हा प्रश्न हमखास येतो. आधीच सांगून ठेवलेलं बरं. वाट काढलेला डोळा आयुष्यभर चोळायचा नाही. वर्षांनीही तो लाल झाला, चिपडं आली, दुखला, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि "मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू दे" हा सल्ला जुना झाला. जास्त पिकलेला मोतीबिंदू स्वतःच डोळ्याचा दाब वाढवतो, आणि शिबिरात पोहोचेपर्यंत नस गेलेली असते.

रात्रीत डोळा घालवणारा प्रकार

बंद कोनाचा झटका आला की डोळा आणि कपाळ भयंकर दुखतं, डोळा लालभडक होतो, धुरकट दिसतं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे घरचे पित्त समजतात, डोकेदुखीमुळे अर्धशिशी. सुंठ-लिंबू चालू राहतं. डोळा लाल आणि उलटी एकत्र दिसली तर रात्री दोन वाजताही नेत्ररुग्णालय गाठा, पोटाच्या डॉक्टरकडे नको. सर्दीच्या गोळ्या, पोटातल्या कळीसाठीची काही औषधं, अर्धशिशीसाठी देतात ते टोपिरामेट, यांनी, विशेषतः अरुंद कोन असलेल्यांना, झटका येऊ शकतो. कोन अरुंद असल्याचं कळलेलं असेल तर प्रत्येक डॉक्टरला ते सांगा.

स्टेरॉइडचे थेंब

उन्हाळ्यात मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात. केमिस्ट एक बाटली देतो, दोन दिवसांत डोळे पांढरे शुभ्र. मग दर वेळी तीच बाटली. त्यात डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असेल तर काही आठवड्यांत दाब चढू शकतो, आणि मूल काहीच सांगत नाही. दहावीत गेलेला मुलगा फळ्यावरचं मधलं वाचतो म्हणून चालू राहतं. नियम सोपा आहे. चिठ्ठीशिवाय डोळ्याचं औषध नाही. चिठ्ठीवरचं स्टेरॉइड लिहिलेल्या दिवसांपुरतंच, आणि लांबलं तर दाब मोजत. दम्याचा पंप किंवा संधिवाताच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका, फक्त डोळे तपासत राहा.

घरगुती सवयी

शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो, हे चेन्नईत मोजून पाहिलेलं आहे. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन, हलासन सोडा आणि योगवर्गातल्या गुरुजींना कारण सांगा. रोजचं चालणं उत्तम. श्वास रोखून भरलेली पिंपं उचलू नका.

उषःपान करणाऱ्यांसाठी: सकाळी तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्यानं दाब काही काळ चढतो. इतका की, डोळ्याचा निचरा कसा आहे हे बघायला डॉक्टर पूर्वीपासून हीच युक्ती चाचणी म्हणून वापरत आले आहेत. पाणी प्या, पण अर्ध्या तासात थोडं थोडं. मध, गुलाबपाणी, एरंडेल डोळ्यात घालून दाब उतरत नाही. संसर्ग मात्र होतो.

गेलेल्या नजरेसोबत घर

पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी, उंबऱ्याला गडद रंग, संडासच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा. मोरीवरचं पायपुसणं काढून टाकलं. टेबलावर पांढरा कप पांढऱ्या कापडावर ठेवत नाही. आम्ही आईच्या उजव्या बाजूनं चालतो, बोलायलाही त्याच बाजूनं जातो. दुचाकी तिनं स्वतःहून सोडली. काहींना हे सांगावं लागतं, आणि फील्ड रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं तर पटतं. दोन्ही डोळ्यांचं मिळून दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी उरलं असेल तर तक्ता नीट वाचता येत असला तरी २०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार ते अल्पदृष्टीत मोडतं. दाखल्यासाठी जाताना फील्डचा रिपोर्ट घेऊन जा, नाहीतर तक्ता वाचायला लावून परत पाठवतात.

शेवटचं काम नातेवाइकांना फोन करण्याचं, आणि तेच सगळ्यात चिवट. आईचा धाकटा भाऊ बेळगावला असतो. "मला सगळं दिसतंय की, काय तपासायचं?" हे तीन वर्षं ऐकलं. शेवटी नातवाच्या चष्म्यासाठी म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं आणि तिथल्या तिथे बाहुली मोठी करायला लावली. दाब १७, नसेची वाटी मात्र मोठी, उजव्या डोळ्याच्या फील्डमध्ये कोपऱ्यात एक छोटी खाच. एम. डी. उणे ३. त्यांना रात्री एक थेंब लिहून दिलाय. विरजण लावून झालं की आई त्यांना फोन लावते.

"घातलास का रे?"

"घातला की अक्का. तू?"

"आधी कोपरा दाबून धर, मग बोल."